खालच्या मजल्यावरची माफी

हसायचं असेल तर खुशाल हसा, माझं आता काही जायचं राहिलेलं नाही. जे जायचं होतं ते मागच्या जूनमध्येच गेलं, आणि तेही परक्या देशात, परक्या बाईसमोर.

माणूस घोळ घालतो तेव्हा त्याला निदान मनातून कुठेतरी खुपत असतं की नाही? मला नाही खुपलं! मी चार दिवस घोळ घालत होते आणि चारही दिवस मला वाटत होतं, किती गं बाई मी मोठ्या मनाची!

आम्ही बार्शीचे. आमचे हे अकरा वर्षं बहरीनला आहेत. बार्शीत ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, इथे विमानतळावरही ट्रॅक्टरच दुरुस्त करतात. फरक एवढाच, तिथे मागे ऊस असायचा आणि इथे सुटकेसा. इतकी वर्षं कंपनीच्या खोलीत पाचसहा जणांबरोबर काढली. मग एकदाचा फॅमिली व्हिसा झाला आणि फोनवर म्हणाले, "संगे, ये आता."

आता? पोरगं बारावीला! पण नाही तरी कसं म्हणायचं? त्याला सासूबाईंपाशी ठेवलं आणि आले. पोरगं बार्शीत, मी बहरीनमध्ये. रोज फोन करायचे.

"जेवलास का?"

"हो."

"काय जेवलास?"

"जेवण."

झाला फोन.

घर मिळालं बुसैतीनला. विमानतळ आहे त्या मुहर्रकच्याच बेटावर, ह्यांच्या कामाला जवळ. तिकडे जुफैरला म्हणे उंचच उंच बिल्डिंगा आहेत, हॉटेलं आहेत, माणसांची गर्दी आहे. आमच्या गल्लीत काय? दोनमजली घरं, डोक्याएवढ्या भिंती आणि बंद फाटकं. जूनचं ऊन असं, की मांजरंसुद्धा एसीच्या डब्याखाली ठिबकणाऱ्या पाण्यात अंग टाकून पडलेली. सकाळी हे गेले की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात मल्याळी दुकानदारानं "और कुछ?" विचारलं, तर मला आवाजच फुटेना! घसा गंजलेला. दुपारी मी फ्रीजशी बोलायचे. तो निदान मधूनमधून गुरगुरायचा तरी.

आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकाची म्हातारी आई एकटी राहायची. घरमालक यूसुफ. म्हणून तिला सगळे उम यूसुफ म्हणायचे, म्हणजे यूसुफची आई. यूसुफची नोकरी समुद्रावरच्या पुलापलीकडे सौदीत, सुट्टीला तेवढा घरी यायचा. आम्ही राहायला येण्याच्या थोडंच आधी म्हातारीचा नवरा वारला होता. त्यांच्यात नवरा गेला की बाई चार महिने आणि वर काही दिवस घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. त्यामुळे ह्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. जिन्यावरून जाता-येताना हे खोकत जायचे, गावाकडचे सासरे सूनबाई ओसरीत असली की खोकतात ना, तसे.

माझी आणि तिची पहिली भेट झाली ती खलबत्त्यावरून.

शेंगदाण्याची चटणी मिक्सरवर करणाऱ्या बायकांबद्दल मी वाईट बोलत नाही, पण ती चटणी नव्हे. माझा खलबत्ता लोखंडी, माझ्या मायनं दिलेला. आमच्याकडे आईला माय म्हणतात. येताना विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा मी साड्या काढून दिल्या, खलबत्ता नाही दिला. माय जाऊन दोन वर्षं झाली. दुपारी फारच उदास वाटलं की मी खाली बसायचे आणि चटणी कुटायचे. धड धड धड! तेवढंच बरं वाटायचं. दोन माणसांच्या घरात चटणीच्या पाच बरण्या झाल्या, तरी कुटतच होते.

एका दुपारी दारावर काठी आपटली. उघडलं तर काळ्या कपड्यातली म्हातारी. डोळे लाल. अरबीत अशी काही कडाडली की बस! खलबत्त्याकडे काठी रोखली, दोन्ही हात कानांवर धरले आणि निघून गेली. संध्याकाळी यूसुफचा ह्यांना फोन. म्हणाला, नवरा गेल्यापासून आईला रात्री झोप नाही, दुपारी जरा डोळा लागतो, तर वर कुणीतरी भिंत पाडतंय असं तिला वाटतं.

तिचं बरोबरच होतं हो. पण मी रडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं दार वाजवलं, आणि तेही ओरडायला! खलबत्ता पलंगाखाली ढकलला आणि ठरवलं, हिच्याशी बोलायचं नाही. कट्टी! तिला काही ते कळलं नाही. आधी तरी कुठे बोलत होतो?

पुढच्या रविवारी सकाळी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायला मी गच्चीवर गेले. गच्चीवर पाण्याची टाकी होती. टाकीतून दोन पाइप खाली जात होते, आणि त्यातल्या एकाच्या जोडातून पाणी गळत होतं. टिप, टिप, टिप.

आता मी बार्शीची! आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात सण असतो. थेंब वाया जाताना दिसला की हात आपोआप नळाकडे जातो. त्या पाइपाला वर लाल चाकाचा व्हॉल्व्ह होता. दोन्ही हातांनी गच्च पिळला. गळती बंद! खाली येऊन आमचा नळ सोडून पाहिला. खळखळ पाणी! म्हणजे तो दुसरा पाइप फालतूच म्हणायचा. कुणीतरी उगीच लावून ठेवलेला. केवढं पाणी वाचवलं मी ह्या वाळवंटाचं! संध्याकाळी ह्यांना कौतुकानं सांगायचं होतं, पण राहून गेलं.

राहून गेलं कारण त्याच दुपारी पुन्हा दार वाजलं. ह्या वेळी काठीनं नव्हे, हातानं, हळूच. दारात म्हातारी. चेहरा उतरलेला. दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरले आणि म्हणाली,

"माय माफी."

मी दार आणखी उघडलं.

"माय! माफी, माफी!"

तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? दोन महिन्यांत मला अरबी शब्द आले होते दोन, यल्ला म्हणजे चला आणि खलास, आणि तेही ह्यांच्याकडून. आणि इथे एक अरबी म्हातारी, डोळ्यांत पाणी आणून, मला माय म्हणतेय आणि माफी मागतेय! असेल कधीकाळी त्यांच्याकडे कुणी आपली बाई कामाला, शिकली असेल तिच्याकडून. आणि माफी तर काय, मूळचा त्यांच्याकडचाच शब्द. माय गेल्यापासून तो शब्द माझ्या कानावर पडला नव्हता हो. पडला तो असा, अरबस्तानात.

माझं मन लोण्यासारखं झालं. तिचे दोन्ही हात धरले.

"अहो, असू द्या, असू द्या! मोठी माणसं कुठं माफी मागत असतात का?"

ओढूनच आत आणलं. एसीखाली बसवलं. फ्रीजमधलं गार पाणी दिलं. तिनं एका दमात ग्लास रिकामा केला, रिकामा ग्लास माझ्यापुढे नाचवला आणि म्हणाली, "माय!" मग बोट खाली जमिनीकडे दाखवलं. "माय माफी!"

मला लख्ख अर्थ लागला. पाणी पाजलंस, माझी माय झालीस. आणि खालून येऊन मी जे ओरडले, त्याची माफी. काय सुंदर बोलते बाई!

म्हटलं, जिच्यावरून भांडण झालं तिच्यावरच मिटवू. ज्वारीची भाकरी आणि वर सणसणीत चमचाभर चटणी तिच्यापुढे ठेवली. पाहुणी म्हणून तिनं नाही म्हटलं नाही. एक घास खाल्ला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "माय! माय!" म्हणत ती हातवारे करायला लागली. इतका पश्चात्ताप! मग मलाही आवरेना. आम्ही दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसून रडलो. ती तिखटानं, मी मायेनं.

जाताना मी तिच्या हातात चटणीची वाटी दिली, तर तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं आशीर्वाद. आता वाटतं, वेडसर माणसाला आपण जसं जपून हाताळतो, तसं असणार ते.

संध्याकाळी हे बूट काढत होते तेव्हा सांगितलं, "खालची म्हातारी आली होती. माफी मागून गेली."

"बरं झालं बाई. यूसुफचे दोन मिस्ड कॉल आहेत. मी मुद्दामच उचलले नाहीत. म्हटलं परत तुझा खलबत्ता असंल."

"मिटलं आता ते."

"मग राहू दे."

आणि राहू दिलं! एवढ्या एका फोननं माझी अब्रू वाचली असती. पण आमचे हे म्हणजे कुणाची बोलणी खायची म्हटलं की फोनलासुद्धा खोकूनच पुढे जाणार.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, पुन्हा म्हातारी. ह्या वेळी हातात बादली! छान निळी, झाकणाची. "माय माफी," म्हणत तिनं बादली माझ्या पायाशी ठेवली आणि आशेनं माझ्याकडे पाहत राहिली.

"अगंबाई! याची काय गरज होती हो?"

मी बादली उचलून आत ठेवली. रिकाम्या हातानं कुणाला पाठवायची आमच्याकडे रीत नाही. पेटीतून नवं ब्लाउजपीस काढलं, त्यावर चार केळी ठेवली आणि तिच्या हातात दिली. तिनं ब्लाउजपिसाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून आतल्या बादलीकडे पाहिलं. काहीतरी पुटपुटली आणि एकेक पायरी उतरत गेली. मला वाटलं, भारावली.

त्याच संध्याकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर तो मल्याळी दुकानदार हातगाडीवर पाण्याच्या बाटल्यांची खोकी घेऊन आमच्याच फाटकातून आत येत होता.

"इतना पानी किसको?"

"नीचे का मम्मा को. नहाने का, धोने का, सब इसी में."

मी तोंडात बोट घातलं. ह्यांना म्हटलं, "काय श्रीमंती बघा! आंघोळ बाटलीच्या पाण्यानं!"

"असत्यात इथले लोक," हे म्हणाले, आणि झोपले.

तिसरा दिवस. दुसरी बादली! ही लाल. आज म्हातारीच्या चेहऱ्यावर आशा वगैरे काही नव्हती. बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक अक्षर मोठ्यानं सुटं करून म्हणाली, "माय... मा... फी."

मीही तेवढ्याच मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "माफ... के... लं!"

आणि बादली आत नेऊन पहिलीच्या शेजारी ठेवली. नाही म्हटलं तर तिचा अपमान व्हायचा ना? बाहेर येऊन बघते तर ती आमच्या वरच्या पायरीवरच बसलेली. कपाळ हातात. पाठ एवढीशी दिसत होती. मला भडभडून आलं. नवऱ्याची आठवण आली असेल बिचारीला, दुसरं काय? मी शेजारी टेकले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बोलायला लागले. मराठीतच. मायबद्दल सांगितलं. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू यायची नाहीत, तरी माझा हात सोडायची नाही, ते सांगितलं. पोराबद्दल सांगितलं. तो फोनवर "जेवण" म्हणतो, ते सांगितलं. जिन्यात भट्टीसारखा उकाडा, दोघींच्या अंगातून घामाच्या धारा. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण उठून गेली नाही. बहुतेक उठायचं त्राणच नव्हतं तिच्यात. पण मला तेव्हा ते कुठलं दिसायला? खोटं कशाला सांगू, इथे आल्यापासूनची माझी सगळ्यात बरी दुपार ती होती.

चौथ्या दिवशी मी चहाचं आधण ठेवून वाट पाहत बसले. तीन वाजले. चार वाजले. कुणी आलं नाही. म्हटलं, रोज तिनंच का यायचं? वाटीत रव्याचे दोन लाडू घेतले आणि खाली गेले.

दार नुसतं लोटलेलं. चपला बाहेर काढल्या, आत गेले. पडदे ओढलेले, अंधार. म्हातारी बैठकीच्या खोलीत पडून होती. हात लावला तर अंग कढत. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. स्वयंपाकघरात गेले तर सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, खाली रिकाम्या बाटल्यांचा ढीग, न्हाणीघरात कपड्यांचा ढीग, आणि सगळीकडे कुबट वास. माझी चटणीची वाटीही तिथेच, खरकटी. मला वाटलं, नवरा गेला आणि बाईनं संसारातून मनच काढून घेतलं. ओढणी कमरेला बांधली. म्हटलं, लेकीच्या जागी आहोत, आवरून देऊ. नळ सोडला.

खर्रर्र!

दुसरा सोडला. खर्रर्र. न्हाणीघरातला, बेसिनचा, अंगणातला, एकेक करत घरातले सगळे नळ सोडून पाहिले. थेंब नाही! ह्यांना फोन लावला. नशीब, चहाच्या सुट्टीत होते.

"अहो, खाली म्हातारीच्या घरात पाणीच नाही!"

"मग तिनं सांगायचं की तुला. रोज येतीया न्हवं वर?"

"मला कुठं काय सांगितलं? ती आपली रोज नुसती माफी मागायली."

"काय म्हणायली नेमकं?"

"माय माफी, म्हणायली."

पलीकडे विमान उडाल्याचा आवाज आला.

"ऐकू येतंय ना?"

"संगे," हे एकदम हळू आवाजात म्हणाले, "माय म्हणजे पाणी."

"कुणाची?"

"कुणाची न्हाई! अरबीत पाण्याला माय म्हणत्यात. आणि माफी म्हणजे न्हाई. माय माफी. पाणी न्हाई."

मी समोरच्या कोरड्या नळाकडे पाहिलं.

"आणि त्या बादल्या..." ह्यांना आता एकेक उलगडायला लागलं.

"मी ठेवून घेतल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"गच्चीवर काय हात-बित लावला होतास का तू?"

मी फोन बंद केला. उत्तर द्यायला वेळ कुणाला होता? तशीच अनवाणी जिना चढत सुटले. त्या वेळेला गच्चीची फरशी म्हणजे तवा हो तवा! एका पायावर नाचत, दुसरा झटकत टाकीपाशी पोचले. व्हॉल्व्हला हात लावला, तो चाकाचा ठसा तळव्यावर. ओढणी गुंडाळून पिळला, पिळला, आणि पाइपात गुडगुड आवाज झाला. पाणी निघालं खाली! मी डोळे मिटून हात जोडले.

आणि तसेच सोडले. कारण खालचे सगळे नळ मीच उघडे टाकून आले होते.

खाली पोचेपर्यंत सिंक भांड्यांनी तुंबून वाहत होतं. न्हाणीघरात कपड्यांनी मोरीचं तोंड बंद. आणि पाणी कसलं? उन्हात तापलेल्या टाकीतलं, वाफाळतं! पाण्याची धार स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत शिरली होती. म्हातारी उठून भिंत धरून उभी.

"माय!" ती ओरडली. "माय वाजिद! वाजिद!"

हा वाजिद कोण ते मला तेव्हा कळलं नाही (वाजिद म्हणजे खूप, हे ह्यांनी नंतर सांगितलं), पण माणसाचं नाव नसणार एवढी अक्कल एव्हाना आली होती. मी नळांकडे धावले. ती नळांकडे धावली नाही. ती गेली खोलीच्या टोकाला, खिडकीखाली. तिथे एक छोटा गालिचा अंथरलेला होता, नमाजाचा. शेजारी तक्क्या, तक्क्यावर नीट घडी केलेला पुरुषाचा डोक्याचा रुमाल. नवऱ्याची जागा होती ती. तो गेल्यापासून कुणी हलवली नसावी. गालिच्याच्या कडेला पाणी लागलं होतं.

आम्ही दोघींनी मिळून उचलला, पण निम्मा भिजलाच. ती तो ओला गालिचा छातीशी धरून पाण्यात उभी राहिली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. काय करू? काय बोलू? तिच्या पायाशी वाकले आणि हात जोडून तोंडाला आलं तेच म्हटलं,

"माफी! माफी!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून ही बाई मला सांगतेय, नाही, नाही! तिनं खाली पाण्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "माफी?"

आणि तिच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. हसली की रडली, मला आजही ठरवता येत नाही. आधी खांदे हलले, मग तिनं त्या ओल्या गालिच्यात तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ वर काढलं नाही. मी तिच्या कमरेला हात घालून उभी राहिले. ह्या वेळी मराठीत काही बोलले नाही.

संध्याकाळी यूसुफ रजा काढून सौदीहून आला, प्लंबरला घेऊनच. तोपर्यंत आम्ही दोघी वायपरनं पाणी बाहेर ढकलत होतो. प्लंबर पंजाबी, धिप्पाड; त्याची चाहूल लागताच म्हातारी आतल्या दाराआड झाली. त्यानं नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"पानी तो फुल आ रहा है, भाईसाब."

यूसुफनं माझ्याकडे पाहिलं. त्याला हिंदी चांगलं येत होतं, दुर्दैवानं.

"मैंने बंद किया था," मी म्हटलं. "ऊपर. मेरे को लगा, फालतू पाइप है."

"मम्मा रोज बताने को गयी ना, आपके पास?"

"हाँ."

"बाल्टी लेके गयी?"

"मेरे को लगा... गिफ्ट है."

प्लंबर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाठ गदगद हलत होती मेल्याची. यूसुफ हसला नाही. तेवढ्यात आमचे हे आले. दारातच थांबून खोकले. आत काही आले नाहीत, तिथूनच "सॉरी भाई, व्हेरी सॉरी भाई" करत राहिले. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. ह्यांनी परत त्या कंपनीच्या खोलीत जायचं, मी परत बार्शीला. पोराला काय सांगणार? पाणी वाचवलं म्हणून हाकलली?

यूसुफ आईशी बोलत होता. तीही दाराआडून बराच वेळ बोलली, मधूनमधून माझ्याकडे बघत. मग तो माझ्याकडे वळला.

"मम्मा बोलती है, आप रोज दोपहर को नीचे आओ. इधर बैठो उसके पास."

माझा विश्वासच बसेना. घराबाहेर काढायचं सोडून घरात बोलावतेय! दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. दोन्ही बादल्या परत केल्या, गालिचा दोघींनी मिळून धुतला. ती मला काळा चहा द्यायची, मी तिला मेथ्या निवडून द्यायचे. बोलणं फारसं नाहीच. कधी ती त्या खिडकीकडे बघत बसायची, कधी मी फोनकडे. पण ह्यांच्यापुढे माझा तोरा काय विचारता!

"बघा, मनं जुळायला भाषा लागत न्हाई. लेक मानलंय तिनं मला."

पंधराएक दिवस हे गप्प राहिले. मग एकदा मी फारच बोलले असेन, तर म्हणाले, "संगे, तुला वाईट वाटंल म्हणून सांगत नव्हतो. यूसुफ त्या दिवशी मला बाहेर म्हणाला, मम्मा म्हणती, वरची बाई दिवसभर एकटी असती म्हणून असं कायबाय करत बसती. आपल्या डोळ्यापुढं असलेली बरी. तेवढंच घर शाबूत राहील."

असं होय! यूसुफनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, ते मला वाटलेलं चोरांच्या भीतीनं.

मला असा राग आला म्हणता! नजरकैदेत ठेवायला मी काय गुन्हेगार आहे? ठरवलं, जायचंच नाही खाली. पहिली दुपार घरातच येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या दुपारी जिन्यात जाऊन उभी राहिले, तर तिथल्या विजेच्या पेटीत एक बटण विनाकारण चालू राहिलेलं दिसलं, आणि माझा हात तिकडे निघालाच होता.

तिसऱ्या दिवसापासून मी आपली आपणहून खाली जाऊन बसते.